चंडर, स्प्यू आणि आजींचं पित्त

१. मेलबर्नच्या एका रुग्णालयात नर्स म्हणून लागले, त्या पहिल्याच महिन्यातली शनिवारची रात्रपाळी. विशीतला एक मुलगा पोट धरून बसला होता. तो सारखा ‘चंडर’ म्हणत होता. मला ऐकू आलं ‘चंदर’. सोबत आलेल्या कुणाचं नाव घेतोय असं वाटून मी दाराकडे पाहिलं. तेवढ्यात त्याला जोराचा उमासा आला, मी पिशवी पुढे धरली आणि शब्दाचा अर्थ तिथेच कळला. शाळेत इंग्रजी पहिलीपासून शिकले होते, पण आजारी माणूस पुस्तकातलं इंग्रजी बोलत नाही. तो घरातलं बोलतो.

२. हा शब्द ऑस्ट्रेलियाचा. सिडनीच्या ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात १९०९ ते १९२० च्या सुमारास कोब्रा बूटपॉलिशच्या जाहिराती येत, त्यात ‘चंडर लू’ नावाचं व्यंगचित्रातलं पात्र असे. ‘लू’चं यमक ‘स्प्यू’शी जुळतं आणि ‘स्प्यू’ म्हणजे ओकणं. बहुधा त्यावरूनच ‘चंडर’ आला. ‘मेन ॲट वर्क’ या मेलबर्नच्याच बँडने १९८१ च्या ‘डाउन अंडर’ गाण्यात तो घातला आणि जगभर पोचवला.

३. चंडर म्हटलं की इथे बिअर आठवते. वयस्कर बाई सहसा तो शब्द वापरणार नाही, ती ‘सिक’ झाले म्हणेल. आईच्या कडेवरचं बाळ चंडर करत नाही. आपल्याकडे जसं बाळ दूध टाकतं म्हणतात, तसा त्याला वेगळा शब्द आहे. पण शब्दावरून माणूस ठरवू नये, हे मला एकदा फार जवळून कळलं. एकाने चंडर म्हटलं आणि मी मनात दारू धरून चालले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, तो थेंबही प्यायला नव्हता. संध्याकाळी सायकलवरून पडून डोकं आपटलं होतं आणि तेव्हापासून तीनदा उलटी झाली होती. डोक्याला मार लागल्यावर पुन्हापुन्हा उलटी होणं ही धोक्याची खूण. लगेच स्कॅन झाला, तो सुखरूप घरी गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून शब्द कुठलाही असो, मी विचारते: किती वेळा, कधीपासून, रंग कसला, रक्त होतं का, कुठे पडलात का?

४. ‘बाबा स्प्यूइंग आहेत,’ असं एका मुलीने सांगितलं. मी पिशवी घेऊन धावले, तर बाबा चार तास ताटकळून भडकलेले. इथे संतापालाही तोच शब्द. आपणही गरळ ओकतो, आग ओकतो. त्यामुळे हा अर्थ एकदा कळला तो कायमचा.

५. सगळ्यात अवघड शब्द मात्र आपलाच निघाला. मुलाकडे आलेल्या साताऱ्याच्या एक आजी. फोनवरच्या दुभाष्याने त्यांचं ‘पित्त पडलं’ शब्दशः ‘बाइल’ म्हणून सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले, कारण हिरवी उलटी आतड्याला अडथळा असल्याची खूण असू शकते. मी आजींच्या शेजारी बसले आणि विचारलं, ‘आजी, रंग कसला होता?’

‘रंग कसला गं, नुसतं आंबट पाणी. सकाळपासून अर्धं डोकं ठणकत होतं. पित्त पडलं नि जरा हलकं वाटलं बघ.’

मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खुर्ची आजींजवळ ओढली आणि अर्धशिशीबद्दल विचारायला सुरुवात केली.