सक्तीचा आवृत्तीबदल आणि वापरकर्त्याची खबरदारी

संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे ज्याच्या आधारावर बाकीचे सर्व प्रोग्रॅम चालतात ते पायाभूत सॉफ्टवेअर होय. त्यात निर्मात्या कंपनीकडून होणारे बदल दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे बदल, ज्यांना अपडेट म्हणतात, सुरक्षेतील भोके बुजवतात आणि वापरणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाहीत. दुसऱ्या जातीत, म्हणजे अपग्रेडमध्ये, जुनी आवृत्ती जाऊन नवी येते, पडद्याचे रूप पालटते, आणि प्रिंटर-स्कॅनरसारखी उपकरणे कार्यप्रणालीशी जोडणारे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालतीलच याची हमी नसते. सक्तीच्या अपग्रेडविरुद्ध जगभर जो संताप उसळला, त्याचे मूळ नव्या आवृत्तीच्या गुणदोषांत फारसे नव्हते. या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाटेने यंत्रात उतरवल्या गेल्या, हे त्याचे खरे कारण होते.

मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० ही आवृत्ती आणली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट देऊ केली. देणगी चांगली होती, देण्याची रीत मात्र वाईट होती. नेहमीच्या अपडेट्सबरोबर एक छोटा प्रोग्रॅम यंत्रांत शिरला आणि पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, खिडकीचे एक चिन्ह दिसू लागले. पुढे काही यंत्रांवर तर नव्या आवृत्तीच्या अनेक जीबींच्या फायली मालकाला न विचारताच उतरवून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या गेल्या. भारतात त्या काळी डोंगलवरचा डेटा मोजूनमापून विकत घेतला जात असल्याने असे एक डाउनलोड महिन्याचा पॅक संपवायला पुरेसे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा अपग्रेड ‘ऐच्छिक’ या वर्गातून ‘शिफारस केलेले’ या वर्गात हलवण्यात आला, आणि ज्यांनी शिफारशीची अपडेट्स आपोआप घेण्याची मुभा देऊन ठेवली होती त्यांच्याकडे त्याची तयारी आपसूक सुरू झाली.

यातील सर्वांत आक्षेपार्ह भाग होता तो सूचनेच्या चौकटीची रचना. अपग्रेडची तारीख आणि वेळ ठरवून टाकल्याचे सांगणाऱ्या या चौकटीवर ‘ठीक आहे’ आणि ‘आत्ताच करा’ अशा अर्थाची दोन ठळक बटणे होती, तर वेळ बदलण्याची किंवा बेत रद्द करण्याची सोय मजकुरातील एका बारीक दुव्यात होती. वरच्या कोपऱ्यातील फुलीचा अर्थ ‘नको’ असाच वर्षानुवर्षे सर्वांना माहीत असताना, २०१६ च्या मे महिन्यात ती दाबणे म्हणजे ठरलेल्या वेळेला संमती देणे, असा अर्थ लावला गेला. ओरड झाल्यावर देणगी नाकारण्याचा स्पष्ट पर्याय पुढे देण्यात आला. कॅलिफोर्नियातील एका प्रवास-व्यावसायिक महिलेला, अपग्रेडनंतर कामाचा संगणक बिघडल्याबद्दल, न्यायालयाने दहा हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि कंपनीने अपील मागे घेतले. कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कापोसेला यांनीही त्या वर्षअखेरीस या प्रकारात मर्यादा ओलांडली गेल्याचे मान्य केले.

दुधाने तोंड पोळलेल्या अनेकांनी मग ताकही टाकून दिले, म्हणजे अपडेट्स मुळातूनच बंद केली, आणि हे नुकसान त्या चौकटीपेक्षा मोठे होते. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने ज्या भोकाचा फायदा घेतला, ते बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला निघालेले होते. बाधित यंत्रांत विंडोज ७ ची यंत्रे बहुसंख्य होती. सुमारे दीड महिन्याने आलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक सॉफ्टवेअरने त्याच भोकाचा वापर केला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत केले. अर्थात नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, तेव्हा अपडेटवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनाही फार बोलण्यासारखे उरत नाही.

म्हणून सुरक्षेचे अपडेट बंद करू नये, लांबवावे, आणि तेही थोडेच. ऑक्टोबर २०१८ चे विंडोज १० चे मोठे अपडेट काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधील फायली नाहीशा करू लागल्यामुळे काही दिवसांतच थांबवावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडले गेले. घाईने ते घेणाऱ्यांपेक्षा दोन आठवडे थांबणारे त्या वेळी सुखी ठरले. २०१९ पासून विंडोज १० च्या होम आवृत्तीतही अपडेट्स ३५ दिवसांपर्यंत थोपवता येतात, आणि कामाचे तास ठरवून दिल्यास त्या वेळेत यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही. मोजका डेटा असेल तर ते कनेक्शन सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावे, म्हणजे बहुतेक मोठी डाउनलोड्स आपोआप सुरू होत नाहीत. अपग्रेडपूर्वी फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात आणि डिस्क काढून ठेवावी. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे. नवी आवृत्ती न मानवल्यास जुनीकडे परतण्याची मुदत आता साधारणपणे दहा दिवसांची असते, आणि त्या अवधीत डिस्कवर जागा करण्याच्या नादात जुन्या विंडोजचे फोल्डर पुसले तर परतीची वाट बंद होते.

मराठी मुद्रणाच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. शिवाय जुना पेजमेकर हा पानरचनेचा प्रोग्रॅम आणि फॉन्टच्या संचाला लावलेल्या हार्डवेअर लॉकचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालतील याचा भरवसा नसतो. ज्या छापखान्यात वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली अशा स्वरूपात आहेत, तेथे एक जुने यंत्र नेटपासून पूर्ण तोडून राखावे, त्याला जोडायचा पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे तपासावा, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे, रफार व चंद्रकोर यांचे प्रूफ माणसाच्या डोळ्यांनी वाचून घ्यावे. रूपांतर करणारे प्रोग्रॅम नेमके याच ठिकाणी चुकतात.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप तसेच तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने चालू स्थितीतील पुष्कळ यंत्रे अधिकृतपणे तिच्याबाहेर राहतात. या वेळची सक्ती चौकटीतून येत नाही, ती यंत्रच बदलायला लावते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यापुढे लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीचा मार्ग आहे. किंवा घरगुती ग्राहकांसाठीच्या विस्तारित योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत थांबता येते. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असावे लागते. या योजनेत फक्त सुरक्षेची अपडेट्स मिळतात, नवी आवृत्ती नाही. २०१६ मध्ये विंडोज ७ च्या वापरकर्त्यांची मागणी याहून वेगळी नव्हती.