तांग राजवट आणि चीनमधील बौद्ध संघ

चीनमध्ये बौद्ध धम्माचा सर्वांत मोठा उत्कर्ष कोणत्या काळी झाला, असे विचारले तर बहुतेक अभ्यासक तांग राजवटीचेच नाव घेतील. इ. स. ६१८ पासून ९०७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, ही राजवट टिकली. आणि चीनमधील भिक्खुसंघावर सर्वांत जबर आघात कोणत्या काळी झाला, असे विचारले तर त्याचेही उत्तर तांग राजवट हेच आहे. एकाच राजवटीत हे दोन्ही कसे घडले, हे समजून घेणे धम्माच्या अभ्यासकाला आवश्यक आहे. "एक दुष्ट राजा झाला व त्याने विहार पाडले" एवढ्याने ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

तांग राजवटीचा संस्थापक ली युआन हा आधीच्या सुई राजवटीचा एक सरदार. सुई सम्राट प्रजेला युद्धांनी व वेठबिगारीने पिळून काढीत होता. जागोजाग बंडे उठली आणि त्या धुमश्चक्रीत ली युआनने चांगआन ही राजधानी घेतली. आजचे शीआन शहर ते हेच. ह्या नव्या घराण्याचे आडनाव ली. ताओ पंथाचा आद्य पुरुष लाओ-त्झू ह्याचेही आडनाव ली असल्याचे परंपरा सांगते. तेवढ्यावरून आपण लाओ-त्झूचे वंशज आहोत, असे ह्या घराण्याने जाहीर करून टाकले. राज्य हाती आले की वंशावळही हाती येते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको! ह्या वंशावळीचा परिणाम मात्र फार दूरवर झाला. ताओ पंथ हा राजघराण्याचा स्वतःचा पंथ ठरला आणि बौद्ध धम्म कितीही लोकप्रिय असला तरी दरबारात तो परका राहिला.

विरोधाला सुरुवातही लवकरच झाली. इ. स. ६२१ मध्ये फू यी नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने सम्राटाला अर्ज करून संघ मोडण्याची मागणी केली. त्याचे मुद्दे असे : हा धर्म परदेशी आहे, भिक्खू कर देत नाहीत, वेठीला येत नाहीत, ते घर सोडतात म्हणजे आईबापांना सोडतात, लग्न करीत नाहीत म्हणजे राज्याची प्रजा घटवितात. पुढे सव्वादोनशे वर्षे बौद्धांविरुद्ध जो जो बोलला, त्याने मुख्यतः हेच मुद्दे फिरवून मांडले. ६२६ मध्ये विहारांची संख्या कमी करण्याचा हुकूम निघालाही. पण त्याच वर्षी राजपुत्र ली शिह-मिन ह्याने आपल्या दोन भावांना राजवाड्याच्या वेशीत ठार मारून सत्ता घेतली आणि तो हुकूम बारगळला. हाच पुढे सम्राट ताइ-त्सुंग म्हणून प्रसिद्धीस आला.

ह्युएन त्संगचा प्रवास

ताइ-त्सुंगच्या आरंभीच्या काळात देशाबाहेर जाण्यास मनाई होती. ती मोडून एक तरुण भिक्खू चोरून पश्चिमेकडे निघाला. हाच ह्युएन त्संग. चीनी भाषेतील धम्मग्रंथांत एकाच गोष्टीचे निरनिराळे अर्थ आढळतात, तेव्हा मूळ ग्रंथच पाहिले पाहिजेत, हा त्याच्या जाण्यामागचा हेतू. ऐकीव गोष्टींवर विश्वास न ठेवता मुळाशी जाऊन खात्री करून घेण्याची ही वृत्ती बुद्धाच्या शिकवणुकीला धरूनच होती. नालंदा महाविहारात त्याने वृद्ध आचार्य शीलभद्र ह्यांच्याजवळ अध्ययन केले. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रातही आला. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता आणि त्याने सम्राट हर्षाला दाद दिली नव्हती, ह्याची नोंद ह्युएन त्संगने केली आहे. येथील लोक उपकार न विसरणारे, पण अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने लिहिले. ह्या देशात शंभरावर विहार व पाच हजारांवर भिक्खू असल्याचे तो सांगतो. पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे त्याने वर्णन केले आहे. तो विहार म्हणजे अजिंठा, असे विद्वान मानतात.

६४५ मध्ये तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून चांगआनला परतला. कायदा मोडून गेलेल्या ह्या माणसाच्या स्वागताला राजधानी लोटली. सम्राटाने त्याला चीवर सोडून मंत्री होण्याचा आग्रह केला; त्याने तो मानला नाही. पुढील एकोणीस वर्षांत, म्हणजे ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याने ७५ ग्रंथांचे भाषांतर केले. सम्राटाच्या इच्छेवरून त्याने ६४६ मध्ये आपले प्रवासवर्णनही पुरे केले. भारताच्या दृष्टीने ह्या ग्रंथाची किंमत कशानेच होणार नाही. आपल्या देशात बौद्ध स्थळांची नावेसुद्धा लोक विसरले होते. नालंदा कोठे होते हे सांगावयास कोणी उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने ही स्थळे शोधून काढली, ती ह्युएन त्संगने दिलेली अंतरे व दिशा मोजीत.

ज्या राजाने एवढा सन्मान केला, त्यानेच ६३७ मध्ये दरबारात ताओ साधूंचे स्थान भिक्खूंच्या वर राहील, असा हुकूम काढला होता. ह्यावरून राजाश्रयाचे स्वरूप ध्यानात यावे.

ह्या काळातील एका वादाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. भिक्खूने राजापुढे नमावे की नाही? चीनमध्ये राजाला व आईबापांना वंदन हा समाजव्यवस्थेचा पायाच होता. भिक्खू म्हणत, ज्याने घर सोडले तो कोणा गृहस्थापुढे नमत नाही. इ. स. ६६२ मध्ये सम्राट काओ-त्सुंगने हा प्रश्न अधिकाऱ्यांच्या मोठ्या सभेपुढे ठेवला. भिक्खूंच्या बाजूने बहुमत झाले आणि सम्राटाला माघार घ्यावी लागली. ज्या देशात राजाला स्वर्गाचा पुत्र मानीत, तेथे मूठभर चीवरधारी माणसे मान ताठ ठेवून उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

सम्राज्ञी वू

काओ-त्सुंगची राणी वू हिने पुढे स्वतःच सिंहासन घेतले. चीनच्या इतिहासात सम्राटपद स्वतःच्या नावाने भोगणारी स्त्री एकच, ती ही. ६९० ते ७०५ अशी पंधरा वर्षे ती सम्राट होती. तिने राजवटीचे नावही बदलले होते. स्त्रीने राज्य करणे कन्फ्यूशियसच्या अनुयायांना मान्य होणे शक्यच नव्हते. तेव्हा स्त्री चक्रवर्ती होईल असे भाकीत असलेल्या महामेघ सूत्राचा आधार काही भिक्खूंनी तिला पुरविला. ६९१ मध्ये तिने बौद्धांचे स्थान ताओ पंथाच्या वर नेले. समुद्रमार्गे भारतात जाऊन आलेला भिक्खू इत्सिंग ६९५ मध्ये लोयांगला परतला, तेव्हा ती स्वतः त्याच्या स्वागताला गेली. लोयांगजवळच्या लुंगमेन लेण्यांतील सुमारे १७ मीटर उंचीची वैरोचन बुद्धाची मूर्ती तिने राणी असताना आपल्या शृंगाराच्या खर्चातून वीस हजार माळा नाणी देऊन पुरी करविली. ६७५ च्या सुमारास ती पूर्ण झाली.

ही बाई क्रूर होती, हे खोटे नाही; पण तिच्या आधीचे व नंतरचे पुरुषही काही कमी क्रूर नव्हते, आणि इतिहास लिहिणारे सारे कन्फ्यूशियसपंथी अधिकारी होते, हेही विसरू नये. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या भिक्खूंनी राज्य मिळविण्यासाठी सूत्राचा अर्थ लावून दिला, त्यांनी संघाला दरबाराच्या फडात उतरविले. राजाच्या मर्जीने जे वर जाते, ते राजाच्या मर्जीने खाली येते.

विहारांतील दास

आता ह्या विषयाच्या मर्माकडे वळू. तांग राजवटीच्या आरंभी जमीन राज्याकडून माणशी वाटून मिळे. भिक्खूलाही तीस मू व भिक्खुणीला वीस मू जमीन मिळण्याचा हक्क होता. त्यावर दाने येत गेली. श्रीमंत घराणी आपल्या शेतीवरचा कर चुकविण्यासाठी ती विहाराच्या नावे करू लागली. विहारांच्या मालकीच्या पाणचक्क्या होत्या, तेलाचे घाणे होते, गहाणवटीचा व्यवहार होता. चांगआनच्या हुआतू विहारात 'अक्षय कोश' नावाचा प्रचंड निधी होता. त्यातून गरिबांना मदत मिळे, मोडके विहार दुरुस्त होत, ही चांगली बाजू. सम्राट श्युआन-त्सुंगने ७१३ मध्ये तो बंद केला आणि त्यातील संपत्ती इतर विहारांना वाटून टाकली.

आणि ह्या विहारांत दास होते. ही प्रथा जुनी होती. पाचव्या शतकात उत्तर वेई राजवटीत गुन्हेगार व सरकारी गुलाम विहारांना झाडलोटीसाठी व शेती कसण्यासाठी देण्यात येऊ लागले. 'बुद्धाची घराणी' असे त्यांचे नाव! ६५३ च्या तांग कायद्याने प्रजेचे दोन भाग पाडले होते : भले आणि हीन. हीनांत दास सर्वांत खाली. कायद्याच्या टीकेत त्यांची गणना गुराढोरांत केलेली आहे. भल्या घरच्या स्त्रीशी दासाने लग्न केले तर त्याला शिक्षा होई. ही व्यवस्था बौद्धांनी निर्माण केली नव्हती. पण संघाने ती नाकारलीही नाही. तिचा लाभ घेतला. दीघनिकायातील शीलांच्या यादीत तर स्पष्ट आहे की, श्रमण दासदासींचा स्वीकार करीत नाही, शेतजमिनीचा स्वीकार करीत नाही, सोनेरुपे घेत नाही. हे चीनी भिक्खूंना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. विनयाचा सखोल अभ्यास करणारे आचार्य त्याच काळात तेथे होऊन गेले.

७५५ मध्ये आन लु-शान ह्या सेनापतीने बंड केले. ते ७६३ पर्यंत चालले. ७५४ च्या शिरगणतीत सुमारे ५ कोटी २९ लक्ष माणसे नोंदलेली होती. ७६४ मध्ये नोंद उरली ती सुमारे १ कोटी ६९ लक्षांची. एवढी सारी माणसे मेली असे नव्हे. पुष्कळशी पळाली, कित्येक प्रांत सरकारच्या हातून गेले आणि नोंदणीची यंत्रणाच कोलमडली. खजिना रिकामा झाला. तेव्हा सरकारने एक अजब उपाय काढला : प्रव्रज्येची प्रमाणपत्रे विकावयास काढली. पैसे भरा, भिक्खू व्हा, जन्मभर कर माफ! ज्यांना धम्माशी कर्तव्य नव्हते, असे हजारो लोक केवळ कर आणि वेठ चुकविण्यासाठी मुंडण करून मोकळे झाले. म्हणजे राज्याने स्वतःच खोटे भिक्खू तयार केले, आणि पुढे भिक्खू फार झाले म्हणून राज्यानेच ओरड केली.

८१९ मध्ये फामेन विहारातील बुद्धाचा अस्थिधातू मिरवणुकीने राजधानीत आणला गेला. लोकांनी भक्तीच्या भरात आपली अंगे भाजून घेतली. हान यू ह्या नामवंत लेखकाने सम्राटाला जळजळीत अर्ज केला. त्याबद्दल त्याला दक्षिणेत दूर पाठविण्यात आले. हान यूच्या अर्जात परकेपणाचा द्वेष भरलेला आहे, तो आम्हांस मान्य होणे शक्य नाही. परंतु अंगे भाजून घेण्याचा मध्यम मार्गाशी काय संबंध, हा प्रश्न त्या वेळी भिक्खूंनी विचारावयास हवा होता. तो हान यूच्या वाट्याला गेला.

इ. स. ८४५

८४० मध्ये वू-त्सुंग गादीवर आला. तो ताओ साधूंच्या नादी लागलेला होता व अमर होण्यासाठी त्यांची रसायने घेत असे. त्याचा प्रधान ली ते-यू हा मात्र हिशेबी राजकारणी होता. त्याला खजिना भरावयाचा होता. राजाची श्रद्धा व प्रधानाचा हिशेब एकत्र आले. ८४५ च्या राजाज्ञेतच आकडे दिलेले आहेत : ४,६०० विहार पाडले, ४०,००० हून अधिक लहान देवस्थाने व आश्रम पाडले, २,६०,५०० भिक्खू व भिक्खुणींना संसारी करून करदात्यांत घातले, विहारांचे १,५०,००० दास ताब्यात घेऊन त्यांनाही करदाते केले. तांब्याच्या मूर्ती व घंटा वितळवून नाणी पाडावयाची, लोखंडाची शेतीची अवजारे करावयाची, सोनेचांदी खजिन्यात. ख्रिस्ती व पारशी धर्मगुरूही ह्या तडाख्यातून सुटले नाहीत.

एन्निन नावाचा जपानी भिक्खू त्या वेळी चांगआनमध्ये होता. आधी तरुण भिक्खू, मग वयस्क, अशा क्रमाने चीवर उतरविण्याचे हुकूम कसे येत गेले, ते त्याच्या रोजनिशीत आहे. अखेर त्यालाही गृहस्थाचे कपडे घालून निघावे लागले. ८४७ मध्ये तो ग्रंथ घेऊन जपानला पोचला.

दीड लाख दास विहारांतून सुटले, हे वाचून वाचकाच्या मनात काय येते, ते आम्ही जाणतो. राजाने त्यांना माणूस म्हणून सोडविले नाही, कर मिळावा म्हणून सोडविले. तरीपण संघाने त्यांना आपण होऊन सोडले असते, तर ८४५ मध्ये त्याच्या बाजूने उभे राहावयास दीड लाख माणसे तरी असती.

ह्याच वेळी सरकारपुढे एक अडचण उभी राहिली. गरीब रोग्यांसाठी असलेली रुग्णालये विहारांतच होती व भिक्खू ती चालवीत. भिक्खू गेल्यावर रोग्यांना विचारणार कोण? ली ते-यूनेच सम्राटाला कळविले आणि जप्त जमिनींतील थोडा भाग राखून ती रुग्णालये गावच्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे सोपविण्यात आली. संघाच्या कार्याचे हे प्रशस्तिपत्र त्याच्या शत्रूच्या हातचे आहे.

वू-त्सुंग ८४६ मध्ये, तिशीतच, मेला. रसायनांनीच त्याचा घात केला असे मानतात. त्याच्या मागून आलेल्या त्याच्या चुलत्याने बंदी उठविली. विहार पुन्हा उभे राहिले. परंतु मोठमोठी भाष्ये, ग्रंथसंग्रह व राजाश्रय ह्यांवर अवलंबून असलेले पंथ पूर्वीच्या तेजाने उभे राहिले नाहीत. टिकला तो मुख्यतः ध्यान पंथ, जपानात ज्याला झेन म्हणतात तो. त्याचे पुष्कळसे भिक्खू दक्षिणेच्या डोंगरांत राहत. त्यांचे एक आचार्य पै-चांग ८१४ मध्ये वारले. म्हातारपणीही ते इतरांबरोबर शेतात राबत. शिष्यांनी कीव येऊन त्यांची अवजारे लपविली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी जेवण घेतले नाही, असे सांगतात. दुसरा टिकला तो साध्या उपासकांचा नामस्मरणाचा पंथ. त्याला जप्त करण्यासारखे काही नव्हतेच.

८६८ मध्ये वांग च्ये नावाच्या एका उपासकाने आईवडिलांच्या पुण्यार्थ वज्रच्छेदिका सूत्र लाकडी ठशांनी छापून फुकट वाटले. त्याची पाच मीटर लांबीची एक गुंडाळी तुनहुआंगच्या लेण्यात सापडली. तारीख असलेले जगातील सर्वांत जुने छापील पुस्तक ते हेच. ते आता लंडनला आहे. तांग राजवट पुढे ह्वांग चाओच्या बंडाने खिळखिळी झाली आणि ९०७ मध्ये एका सेनापतीने शेवटच्या बालराजाला पदच्युत करून ती संपविली. हान यूने ज्यावरून अर्ज केला, तो फामेनचा अस्थिधातू ८७४ मध्ये स्तूपाखालच्या तळघरात बंद करण्यात आला होता. १९८१ मध्ये पावसाने तो स्तूप अर्धा कोसळला, आणि १९८७ मध्ये खोदकाम करताना ते तळघर उघडले.