परदेशी विद्यापीठाबरोबर निसर्ग-संशोधन: सही करण्याआधीचा हिशेब

परदेशातल्या विद्यापीठाकडून पत्र येते, 'सह्याद्रीतल्या सड्यांवर आपण मिळून काम करू.' विभागात पेढे वाटले जातात, प्राचार्य शाल-श्रीफळ मागवतात, सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो वर्तमानपत्रात येतो. खर्चाचा कागद पुढे येतो तो त्यानंतर, आणि तोवर अर्धा खर्च आपल्याच अंगावर पडलेला असतो. मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवतो आणि असे हिशेब अनेक वर्षे लिहीत आलो आहे. तिकीट आणि यंत्रे यांवरचा खर्च डोळ्यांना दिसतो, म्हणून तो अंदाजपत्रकात येतो. परवाने, वाट पाहण्यात जाणारे महिने, बँकेची कपात आणि गावातल्या माणसाची मजुरी कोणी लिहीत नाही. ती लिहायची कशी, ते क्रमाने पाहू.

आधी ठरवा: नमुने की नोंदी?

सगळा खर्च या एका प्रश्नावर फिरतो. पक्षी मोजणे, फुलांचे फोटो घेणे, उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल किती घटले ते पाहणे, हे नोंदींचे काम. यात देशाबाहेर जाते ती फक्त माहिती. लँडसॅट उपग्रहांची चित्रे 2008 पासून फुकट मिळतात, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचीही. जीबीआयएफवरच्या जगभरच्या प्रजाती-नोंदींनाही पैसे पडत नाहीत. पहिल्यांदाच भागीदारी करणाऱ्या महाविद्यालयाने इथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर एकत्र काम करून माणसे कळली की मग नमुन्यांकडे वळावे.

माती, पाने, बेडकाच्या बोटाचा तुकडा, बुरशी असे काहीही हातात घेतले की हिशेब बदलतो. नोंदींच्या कामातही अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागतेच. शिवाय गावकऱ्यांकडून वनस्पतींच्या उपयोगाची माहिती घेणार असाल, तर तीही जैवविविधता कायद्याच्या कक्षेत येते.

परवाने: पैसे थोडे, महिने फार

जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला भारतातले जैविक नमुने संशोधनासाठी हवे असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी भागीदाराच्या हवाली करायलाही मंजुरी लागते. शोधनिबंध छापणे किंवा परिसंवादात मांडणे यांना सरकारी मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीत सूट आहे.

2004 च्या नियमांत नमुन्यांच्या अर्जाला 10,000 रुपये आणि निष्कर्ष देण्याच्या अर्जाला 5,000 रुपये शुल्क होते, निर्णयासाठी साधारण सहा महिने धरलेले होते. त्या नियमांची जागा आता 2024 च्या नियमांनी घेतली आहे. म्हणून शुल्काचा तक्ता अर्ज भरण्याच्या दिवशी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा, मित्राच्या जुन्या फाइलवरून आकडा उचलू नका. विनापरवाना काम केल्यास 2023 च्या दुरुस्तीनंतर तुरुंगवास नाही, पण दंड 1 लाखापासून 50 लाखांपर्यंत जाऊ शकतो.

इथे मराठी घरांनी एक गोष्ट नीट वाचावी. हा नियम फक्त गोऱ्या पाहुण्यांसाठी नाही. आयकर कायद्याने 'अनिवासी' ठरणारा भारतीय नागरिकही त्यात येतो. साताऱ्याची मुलगी जर्मनीत पीएच.डी. करते, पासपोर्ट भारताचाच आहे, मे महिन्यात घरी येते आणि जाताना कासजवळची माती पिशवीत भरून नेते. तिच्या दृष्टीने ती आपल्या गावची माती असते, कायद्याच्या दृष्टीने तो मंजुरीविना घेतलेला नमुना ठरू शकतो. त्यातच युरोपीय संघात बाहेरची माती आणायला मुळात बंदी आहे. संशोधनासाठी तिथल्या यंत्रणेचे वेगळे अधिकारपत्र आधी हाती असावे लागते. मुलांना हे आधीच सांगा.

सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या संस्थांना एक सोपी वाट आहे. कायद्याच्या कलम 5 नुसार केंद्र सरकारने मान्य केलेल्या, 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या सहकार्य-प्रकल्पांना नमुन्यांच्या देवाणघेवाणीत प्राधिकरणाच्या मंजुरीतून सूट मिळते. आपला प्रकल्प त्यात बसतो का, हा पहिला प्रश्न विद्यापीठाच्या संशोधन कक्षाला विचारा.

हे सगळे जाचक वाटते खरे, पण त्यामागे अनुभव आहे. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. ते रद्द करून घ्यायला डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरला झगडावे लागले, आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. आपली वस्तू बाहेर जाताना कागद असावा, एवढेच हा कायदा मागतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश आणि प्राणी पकडणे, हाताळणे किंवा त्यांचे नमुने घेणे यांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अनुसूची 1 मधल्या प्राण्यांसाठी केंद्राचीही पूर्वपरवानगी लागते. नागपूरच्या दोन-तीन फेऱ्यांचे भाडे आणि मुक्काम अंदाजपत्रकात धरा.

नमुना गोठवून ठेवण्याचा खर्च

एका प्रकल्पात आम्ही खाडीच्या चिखलाच्या पिशव्या डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. मंजुरी येईपर्यंत पावसाळा उलटला. गावात वीज जायची तेव्हा शिपाईमामा टॉर्च घेऊन जनरेटर सुरू करायला धावायचे. डिझेलची पावती कोणत्या शीर्षाखाली लावायची, हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण अंदाजपत्रकात 'साठवण' असे शीर्षच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पात तीन ओळी घालतो: फ्रीजर आणि इन्व्हर्टर, वीज-डिझेल, देखभाल करणाऱ्याचा भत्ता.

अल्कोहोलमधले नमुने विमानाने पाठवताना सवलतीच्या नियमात कुपी 30 मिलिलिटरच्या आत आणि एका खोक्यात एकूण 1 लिटरच्या आत द्रव असावा लागतो. ही मर्यादा ओलांडली की तो माल धोकादायक म्हणून जातो आणि भाडे चढते. म्हणून भरणी छोट्या कुप्यांतच करा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे डीएनएचे वाचन भारतातच करून घेणे. पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला ही सोय आहे. पार्सल, थंड साखळी आणि बाहेर नमुने पाठवण्याचा कागद तिन्ही वाचतात, आणि आपली मुले ते काम शिकतात. परदेशी भागीदाराला निकाल देण्याचा नियम मात्र तेव्हाही पाळावा लागतो. नवी प्रजाती सापडली तर तिचा आधारनमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. सागरी जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि विषाणूंसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ही अशी भांडारे आहेत.

माणसांचा खर्च

केंद्राच्या 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधन छात्राला महिना 37,000 रुपये आणि वरिष्ठ छात्राला 42,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. तीन वर्षांच्या प्रकल्पात एक छात्र धरला तर पहिली दोन वर्षे 8,88,000 आणि तिसरे वर्ष 5,04,000, म्हणजे भत्ता सोडून 13,92,000 रुपये होतात. परदेशी भागीदार कधीकधी 'तुमच्याकडे मनुष्यबळ स्वस्त आहे' म्हणून याच्या निम्मी रक्कम लिहितो. ती मान्य करू नका. कमी पगारावरचा मुलगा सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरतो आणि पावसाळ्यातल्या नोंदींची साखळी तुटते.

वाटाड्याला अंदाजपत्रकात जागाच नसते. कोणत्या सड्यावर कोणते पाणी कधी आटते, हे त्याला ठाऊक असते. त्याची रोजची मजुरी, जेवण, रेनकोट, गमबूट आणि अपघात विमा वेगळ्या ओळीत लिहा. सापांच्या भागात रात्री बेडूक शोधायला माणसाला नेताना विमा नसणे म्हणजे त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे.

प्रवास आणि व्हिसा

युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आहे, व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. अमेरिकेला जे-1 व्हिसावर जाणाऱ्याला 185 डॉलर अर्जाचे आणि 220 डॉलर सेव्हिस या तिथल्या नोंदणी-प्रणालीचे, म्हणजे 405 डॉलर लागत आले आहेत. अर्ज करताना चालू दर तपासा. त्यात मुंबईची फेरी, विमा आणि कागदपत्रे जोडा.

तिकडून येणाऱ्याने पर्यटक व्हिसावर क्षेत्रकाम करू नये. त्याला संशोधन व्हिसा लागतो आणि त्यासाठी आपल्या संस्थेचे पत्र लागते. मुक्काम 180 दिवसांहून अधिक असेल, तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. त्याला आधीच कळवा की उपग्रह फोन भारतात विनापरवाना आणता येत नाही आणि ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून बंधने आहेत. विमानतळावर सामान अडकले की क्षेत्रकामाचे दिवस जातात आणि भाड्याने घेतलेली जीप नुसती उभी राहते.

पैसा येतो कसा आणि उरतो किती

महाराष्ट्रातली बरीच महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. अशा संस्थेला परदेशी अनुदान घ्यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर नेता येत नाही. म्हणजे 'अनुदान तुम्ही घ्या, आमच्या मंडळाला अर्धे द्या' ही तोंडी बोलणी कायद्यात बसत नाहीत. प्रत्येक भागीदाराने आपला पैसा स्वतंत्र मार्गाने आणावा.

वरकड खर्चावर आग्रह धरा. युरोपच्या होरायझन कार्यक्रमात थेट खर्चावर 25 टक्के वरकड सरसकट धरले जाते. 40,000 युरोच्या कामावर ते 10,000 युरो होतात. तिकडचे विद्यापीठ हे संकोच न करता लिहिते, मग आपणही आपली वीज, लेखापाल आणि प्रयोगशाळा लिहावी. हेही माहीत असू द्या की होरायझनमध्ये भारतीय संस्थेला आपोआप निधी मिळत नाही. आपल्या बाजूचा पैसा बहुतेक वेळा आपल्यालाच आणावा लागतो. त्यासाठी केंद्राची स्पार्क योजना, फ्रान्ससाठी 1987 पासूनचे सेफिप्रा, अमेरिकेसाठी 2000 पासूनचा भारत-अमेरिका विज्ञान मंच आणि जर्मनीसाठी 2010 पासूनचे भारत-जर्मन केंद्र यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

विनिमय दराची झळ छोट्या संस्थेला बसते. 40,000 युरोच्या प्रकल्पात युरोमागे 5 रुपये कमी मिळाले, तर 2 लाख रुपये जातात. वाटेतल्या बँकाही आपला आकार कापून घेतात. 'बँकेचा सर्व आकार पाठवणारा भरेल' हे वाक्य करारात घाला. बाहेर पैसे पाठवायचे असतील, तर सनदी लेखापालाच्या दाखल्याची फी धरा. उपकरणांवर जीएसटी पूर्ण दराने धरा. संशोधन संस्थांना मिळणारी 5 टक्क्यांची सवलत 18 जुलै 2022 पासून संपली आहे.

छापण्याचा खर्च

'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेमुळे 2025 पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके वाचता येतात. वाचणे सुटले, तरी खुल्या प्रकाशनासाठी लेखकाकडून हजारो डॉलर मागणारी नियतकालिके आहेतच. 'शोधनिबंध बघू मग' म्हणू नका. शुल्क कोण भरणार आणि पहिले नाव कोणाचे, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. स्वीकारलेले हस्तलिखित विद्यापीठाच्या भांडारात ठेवण्याची मुभा अनेक प्रकाशक देतात, त्याला खर्च नाही.

सहीच्या आदल्या दिवशी ताडून पाहा

- परवान्यांसाठी सहा ते बारा महिने, त्या काळातल्या पगारासह धरले आहेत का?
- साठवण, वीज आणि नागपूर-चेन्नईच्या फेऱ्या लिहिल्या आहेत का?
- विनिमय दराचा तोटा आणि बँकेचा आकार कोणाकडे?
- माहिती दोन्हीकडे राहणार, असे लेखी आहे का?
- काम मध्येच थांबले तर छात्राचा पगार कोण देणार?
- वाटाड्याचा विमा?

आणि शेवटची ओळ मराठी अहवालाची. कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या सड्यावर, खाडीत किंवा ओढ्यात काय सापडले, याची आठ पानांची मराठी पुस्तिका छापायला सगळ्या अंदाजपत्रकात सर्वांत कमी पैसे लागतात. एकदा अशी पुस्तिका ग्रामसभेत वाटली. आमचा वाटाड्या उठला आणि एका फुलावर बोट ठेवून म्हणाला, "हे नाव चुकलंय, आम्ही याला वेगळं म्हणतो." पुढच्या आवृत्तीत ते नाव दुरुस्त झाले आणि शोधनिबंधात त्याचे नाव लेखकांच्या यादीत गेले. त्या ओळीचा खर्च आता मी आधी लिहितो.