साथीची लाट का ओसरते?

‘लाट आली’, ‘लाट ओसरली’ हे शब्द २०२० सालापासून आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की, साथीला मुळात लाटा का येतात हे सहसा कोणी विचारीत नाही. समुद्रातील लाटेमागे वारा असतो. साथीच्या लाटेमागे काय असते? गणिताला भिऊन कलाशाखेकडे वळलेल्या माझ्यासारख्याला याचे उत्तर गणितातच सापडावे, हा दैवाचा खेळच म्हणायचा! परंतु हे गणित सोपे आहे.

समजा, एका रुग्णापासून तिघांना लागण होते. तिघांपासून नऊ, नवांपासून सत्तावीस. दहाव्या फेरीत ५९,०४९. ही झाली चढण. मात्र रोगातून उठलेल्या माणसाला तो रोग निदान काही काळ तरी सहसा पुन्हा होत नाही. गावातील दर तिघांपैकी दोघे असे सुरक्षित झाले की, रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या तिघांपैकी एकच लागणीजोगा उरतो. एकापासून एकच. हा लाटेचा माथा. येथून उतार लागतो. म्हणजे साथ ओसरते ती सर्वांना होऊन गेली म्हणून नव्हे, तर विषाणूला पुढचा माणूस सापडेनासा होतो म्हणून. लोक घरात बसले तरी परिणाम हाच होतो. फरक इतकाच की, घरात बसलेला माणूस दार उघडताच पुन्हा लागणीजोगा होतो.

हा विचार १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी सूत्रात मांडला. मॅकेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे! १९०५-०६ मधील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे. प्लेग हा जिवाणूचा आणि उंदीर-पिसवांचा रोग. तरी आलेखाचा आकार तोच. त्यातील एकेक ठिपका म्हणजे मुंबईतून आठवडाभर निघालेल्या तिरड्या, हे मात्र आलेख पाहताना विसरायला होते.

हे सूत्र एक लाट समजावते. मग दुसरी कोठून येते? जून १९१८ मध्ये मुंबईतील सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ती इन्फ्लुएन्झाची चाहूल होती. ती साथ लवकरच ओसरली. सप्टेंबरात ती परतली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवसात शहरात ७६८ माणसे दगावली. पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले. पहिल्या लाटेतून सुटलेले लोक पुष्कळ, आणि विषाणूही बहुधा अधिक घातक झालेला.

‘सुटलेले लोक’ कोठे असतात, हे मला जुलै २०२० च्या मुंबईतील पाहणीवरून उमगले. तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडे आढळली. इतर वस्तीत फक्त १६ टक्के. आपले गणित येथे लावून पाहू. झोपडपट्टीत तिघांपैकी लागणीजोगे उरले जेमतेम सव्वा, इमारतींत अडीच. शहर एक, नळ वेगळे, शौचालये वेगळी आणि लाटाही वेगळ्या. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला अंतर कसे पाळता येणार? साऱ्या शहराचा मिळून एकच आलेख काढला की मात्र ही दरी दिसत नाही. उतरती रेघ पाहून सर्वांनाच हायसे वाटते.

२०२१ च्या आरंभी तसेच झाले. आमच्या इमारतीच्या दारावरील ताप तपासणे बंद झाले, गच्चीवर एक साखरपुडाही झाला. दरम्यान विषाणूने डेल्टा हे रूप घेतले होते. आता एकापासून तिघे नव्हे, तर पाच-सहा जण आजारी पडू शकत होते. मार्च-एप्रिलात मुंबईतील बहुतेक नवे रुग्ण इमारतींतच सापडू लागले. आमच्या जिन्यातील सातपैकी पाच घरांत आजार शिरला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर्षभर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. त्या साखरपुड्याला तेवढे ते गच्चीवर आले होते.