अकरा महिने म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा (वय ६४) स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला आहे. डॉक्टर ‘साधारण अकरा महिने’ म्हणाले. केमो द्यावी का? त्यांना सांगावं का?

उत्तर : अकरा महिने ही मुदत नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका चाचणीत, रोग पसरलेल्या रुग्णांना ‘फॉल्फिरिनॉक्स’ ही केमो दिली. त्यांचं मध्यक आयुर्मान ११.१ महिने आलं. जेमसिटाबीन हे एकच औषध दिलेल्यांचं ६.८. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यापुढे जगले. शिवाय हे रुग्ण बऱ्यापैकी हिंडते-फिरते होते. म्हणून मी आधी विचारेन, सासरे दिवसाचा किती वेळ अंथरुणात असतात? स्वतःचं सगळं स्वतः करत असतील, तर ही कडक केमो विचारात घ्यावी. खंगले असतील तर सौम्य औषध, किंवा फक्त त्रास कमी करणारे उपचार. तेही उपचारच आहेत, आणि ते केमोबरोबर पहिल्या दिवसापासून सुरू करता येतात.

यकृतात पसरल्यावर शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग नसतो. कुणी सुचवलं म्हणून जमीन विकायला काढू नका. कावीळ असेल तर पित्तनलिकेत स्टेंट बसवतात. शौचाला तेलकट होत असेल तर जेवणासोबत पाचकरसांच्या कॅप्सूल लागतात. त्या लिहून द्यायच्या राहून जातात, तुम्हीच आठवण करा. बीआरसीए जनुकाची तपासणीही विचारा. औषधांची निवड तिच्यावर बदलू शकते. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन पाहून पुन्हा ठरवायचं.

सांगण्याचं म्हणाल, तर स्वयंपाकघरातली कुजबुज त्यांच्या कानावर गेलेलीच असेल. ‘बाबा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ एवढं विचारा आणि थांबा.