गल्लीत मिळतं ते विकत घेऊ नकोस

शिरोलीत शेड घेतलीस, फार बरं वाटलं. तुझी मशीनची यादीही पाहिली. पॅटर्न शॉप स्वतःचं, कोअर शॉप स्वतःचं, फेटलिंग, मशिनिंग, सगळं एकाच छपराखाली. बाळा, ही यादी ओसाड माळावर फौंड्री टाकणाऱ्याची झाली, कोल्हापुरात टाकणाऱ्याची नव्हे.

इथल्या उसाला नदीचं, विहिरीचं पाणी पाजायला ऑइल इंजिनं लागायची. ती दुरुस्त करता करता आपले मिस्त्री स्वतःच इंजिनं बनवायला लागले. शिवाजी उद्यमनगर त्यातूनच वाढलं. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव. शेतात वीजपंप आले आणि इंजिनाची मागणी ओसरली, तरी गावची भट्टी विझली नाही. पॅटर्न करणारा, ओतणारा आणि लेथवाला असे तिघे वेगवेगळे होते. त्यांनी हात तेच ठेवले, माल बदलला आणि गाड्यांचे भाग ओतायला घेतले.

म्हणून हाकेच्या अंतरावर जे मिळतं, त्यात भांडवल अडकवू नकोस. पॅटर्न बाहेरून करून घे, मशिनिंग जॉबवर्कला दे. वाचलेला पैसा आसपास कुणाकडे नाही त्या कामात घाल. पातळ भिंतीचं अवघड कास्टिंग घे, नाहीतर एक चांगला मेटलर्जिस्ट पगारावर ठेव. पिग आयर्न, बेंटोनाइट, फर्नेस दुरुस्त करणारा माणूस तुला जितक्या लवकर मिळतो, तितक्याच लवकर शेजाऱ्यालाही मिळतो. त्यावर तू तग धरशील. पुढं जायला मात्र तुझं म्हणून एक काम हवं.

पण स्पर्धा असली तरी शेजाऱ्याशी नातं जप. एकदा रात्री माझ्या फर्नेसची कॉइल गेली. सकाळी ग्राहकाची गाडी येणार होती. शेजारच्या शेडचा मालक माझा सरळसरळ स्पर्धक. त्यानं स्वतःचं काम थांबवलं, माझे पॅटर्न आपल्या मोल्डिंगला लावले आणि पहाटेपर्यंत माल ओतून दिला. त्या ग्राहकाला त्यानं पुढं कधी फोनही केला नाही. त्याआधी अडीअडचणीला मी त्याला पिग आयर्न उसनं देत आलो होतो, एवढंच. उलटंही सांगतो. एका वर्षी मी दुसऱ्याचा कसलेला मोल्डर चार पैसे जास्त देऊन फोडला. संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या लाइनला कळलं, आणि वर्षभर मला कुणी एक पोतं बेंटोनाइट उसनं दिलं नाही. मोल्डर हवा असेल तर कोवळा पोरगा घे आणि शिकव.

साच्याच्या वाळूचं मात्र एकट्याला झेपणार नाही. एक टन ओतकामामागं साधारण चार-पाच टन वाळू फिरते. जळालेली वाळू टाकायची कुठं, हा प्रश्न प्रत्येक फौंड्रीच्या दारात आहे, आणि ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प छोट्या शेडच्या ऐपतीबाहेरचा. अशा सामाईक सोयीसाठी केंद्राच्या एमएसई-सीडीपी योजनेत अनुदान आहे, पण ते एकट्यादुकट्याला मिळत नाही; अनेक उद्योजकांना मिळून संस्था उभी करावी लागते. तेव्हा शिरोलीच्या उद्योजकांच्या संघटनेचा, ‘स्मॅक’चा सभासद हो आणि बैठकांना जात जा. नवं काय येतंय, कुठला ग्राहक पैसे थकवतो, हे कागदावर येण्याआधी तिथं कळतं.

उद्यम नोंदणी या आठवड्यातच करून टाक. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत तुझे पैसे मोठ्या कंपनीनं द्यायला हवेत. करार नसेल तर मुदत आणखी कमी, १५ दिवस. आणि तुझा पॅटर्नवाला तुझ्याहूनही लहान आहे. त्याच्या भरवशावर तू पॅटर्न शॉपचा खर्च वाचवणार आहेस, तेव्हा त्याचं बिल ४५ दिवस मोजत बसू नकोस. पॅटर्न पास झाला की त्याच आठवड्यात चुकतं कर.