जुन्या गाडीचे पेट्रोल जाते कुठे?

मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ साली फियाट डिलाइट या नावाने तयार होऊ लागलेली ही गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिच्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. पण कार्बोरेटरवर चालणाऱ्या त्या पिढीच्या खाजगी गाड्या अजूनही काही घरांपुढे उभ्या दिसतात.

अशीच एक पस्तीस वर्षांची गाडी आमच्या ओळखीच्या एका विज्ञानशिक्षकांकडे आहे. त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली. रोज चार शिक्षक तिच्यातून शाळेला जातात आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेतात. वडिलांच्या डायरीत लिटरला १३ किलोमीटर ॲव्हरेज नोंदलेले होते. आता ते ९ वर आले होते. गॅरेजमध्ये एका खेपेस प्लग बदलले, दुसऱ्या खेपेस एअर फिल्टर बदलला. फरक काही पडला नाही. शेवटी मिस्त्री म्हणाला, "सर, इंजिन उघडावं लागेल." तो खर्च ऐकून घरचे म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात द्या." सरांचा जीव तुटत होता. त्यांनी हा प्रश्न नववीच्या वर्गापुढे मांडला.

वर्गाने पुढे जे केले, ते तुम्हालाही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागले ते फक्त वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि थोडासा धीर!

आधी मोजा, मग बोला

"ॲव्हरेज कमी झाले" हे खरे कशावरून? पेट्रोलचा काटा पाहून अंदाज करणे म्हणजे मोजणे नव्हे. खरी रीत अशी : टाकी पूर्ण भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. नेहमीसारखी गाडी वापरावी. मग त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे पेट्रोल बसले, तेवढे मधल्या प्रवासात जळले.

यात एक खाच आहे. "टाकी पूर्ण भरली" या म्हणण्यातच अर्धा लिटर इकडेतिकडे होऊ शकतो. पाच लिटर जाळून मोजले, तर अर्ध्या लिटरची चूक म्हणजे १० टक्के. पंचवीस लिटर जाळून मोजले, तर तीच चूक २ टक्क्यांवर येते. म्हणून घाई न करता दोन-अडीचशे किलोमीटर होऊ द्यावेत.

सरांच्या गाडीने २५२ किलोमीटर दाखवले आणि पेट्रोल बसले २८ लिटर. म्हणजे ॲव्हरेज बरोबर ९. पण एका मुलीने विचारले, "सर, किलोमीटरचा आकडा तरी खरा कशावरून?"

प्रश्न अगदी योग्य होता. गाडीतला आकडा हा खरे तर चाकांचे फेरे मोजतो. नव्या टायरचा व्यास थोडा मोठा असला, तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि आकडा मात्र कमी दाखवतो. तपासणी सोपी आहे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड कशासाठी असतात? २० दगडांच्या अंतराला गाडीने १९.४ किलोमीटर दाखवले. म्हणजे २५२ किलोमीटर हे प्रत्यक्षात सुमारे २६० होते आणि ॲव्हरेज ९ नसून ९.३ होते. तुटीचा एक छोटा भाग तूटच नव्हता!

हिशेबाच्या सोयीसाठी वर्गाने "१०० किलोमीटरला किती लिटर" हे माप घेतले, कारण असे आकडे सरळ बेरीज-वजाबाकीत बसतात. आता लागत होते १०.८ लिटर. जुन्या डायरीप्रमाणे लागायला हवे होते ७.७ लिटर.

पेट्रोल तरी तेच आहे का?

वडिलांच्या काळचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नाही. २०२५ सालापासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाजूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलपासून मात्र सुमारे २१ मेगाजूलच मिळते. आता मिश्रणाचा हिशेब करा :

०.८ × ३२ + ०.२ × २१ = २९.८ मेगाजूल

म्हणजे लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी. तेव्हा जुने ७.७ लिटर आज ८.३ लिटर होणार. हा फरक कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकणार नाही. मात्र जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि वायसर इथेनॉलने खराब होऊ शकतात, म्हणून पेट्रोल कुठे झिरपत नाही ना, हे पाहणे जरूर असते. सरांच्या गाडीला पेट्रोलचा वास येत नव्हता आणि रात्रभर खाली अंथरलेला कागद सकाळी कोरडाच होता.

आता खरा प्रश्न नेमका झाला : १०.८ उणे ८.३, म्हणजे दर १०० किलोमीटरला २.५ लिटर पेट्रोल कुठे जाते?

ऊर्जेचा जमाखर्च

३२ मेगाजूल म्हणजे किती? सरांची गाडी माणसांसह सुमारे १००० किलोग्रॅम भरते. एक लिटर पेट्रोलची सगळी ऊर्जा तिला सरळ वर उचलण्यासाठी वापरता आली, तर ती सव्वातीन किलोमीटर उंच जाईल. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. त्याच्या जवळजवळ दुप्पट!

पण तसे होत नाही. ऊर्जेचा मोठा हिस्सा धुराबरोबर आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जातो. जुन्या इंजिनात जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. त्यातून चाकांचा रोध आणि हवेचा रोध यांवर मात करायची. शिवाय दर वेळी ब्रेक मारला की गाडीची गतिज ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत संपते.

म्हणजे पेट्रोल दोन वाटांनी वाया जाऊ शकते. एक तर गाडी ओढायलाच जड झाली असेल. नाही तर इंजिन पेट्रोल नीट जाळत नसेल. पहिली वाट तपासायला गाडी उघडावी लागत नाही, म्हणून वर्गाने तिथूनच सुरुवात केली.

पहिला संशयित : चाके

टायरमध्ये हवा कमी असेल, तर टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, तापतो आणि ऊर्जा खातो. हवा मोजली. ती ठीक होती.

मग एक छान प्रयोग केला. सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सरांनी गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने नेली आणि एका खुणेपाशी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला. इंजिन चालूच ठेवले होते. ब्रेक न लावता गाडी किती अंतर घरंगळत जाते, हे मुलांनी टेपने मोजले. रस्त्याचा उतार आणि वारा यांचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढली. ती आली ६२ मीटर.

नववीचे सूत्र आठवा : v² = २as. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. त्याचा वर्ग सुमारे ३१. म्हणून

a = ३१ ÷ (२ × ६२) = ०.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग

वस्तुमान १००० किलोग्रॅम, म्हणजे गाडीला मागे ओढणारे बल २५० न्यूटन झाले. हवा भरलेले टायर असलेल्या निरोगी गाडीचा चाकांचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का असतो, म्हणजे १५० न्यूटनच्या आसपास. मग वरचे १०० न्यूटन कुठले?

गाडी पाच किलोमीटर चालवून आणल्यावर सरांनी प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. मागचे उजवे चाक चांगलेच तापले होते. जॅक लावून फिरवले, तर ते अर्ध्या फेऱ्यातच थांबे. ब्रेक धरून राहत होता! हँडब्रेकची तार गंजून अडकली होती, म्हणून ब्रेक पुरता सुटत नव्हता. गॅरेजमध्ये तार बदलली. खर्च किरकोळ आला.

प्रयोग पुन्हा केला. आता गाडी १०० मीटर घरंगळली. a आला ०.१५५ आणि बल १५५ न्यूटन. टाकी भरून पुन्हा मोजले, तेव्हा १०० किलोमीटरला १०.८ ऐवजी ९.४ लिटर लागले. १.४ लिटरचा चोर सापडला. आणि सर तर इंजिन उघडायला निघाले होते!

दुसरा संशयित : मिश्रण

उरले १.१ लिटर. आता इंजिनाकडे वळायचे.

एक किलोग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा! हे प्रमाण राखणे हे कार्बोरेटरचे काम. पेट्रोल जास्त झाले, तर कार्बनला ऑक्सिजन पुरत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एक मोल कार्बन पूर्ण जळला, तर ३९४ किलोजूल उष्णता मिळते. मोनॉक्साइडपर्यंतच जळला, तर १११ किलोजूल. बाकीची जवळजवळ तीनचतुर्थांश ऊर्जा धुराच्या नळीतून बाहेर जाते. शिवाय हा वायू जीवघेणा. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये.

सरांच्या गाडीच्या पीयूसी पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर खेपेस वाढत गेलेला होता. पावती डॅशबोर्डमध्ये पडून होती. ती कोणी वाचली नव्हती, इतकेच!

दुसरा पुरावा प्लगचा. मिश्रण ठीक असेल, तर प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसते. पेट्रोल जास्त असेल, तर त्यावर कोरडी काजळी बसते. नवे प्लग दोन आठवड्यांतच काळे झाले होते. म्हणजे काळा प्लग हे कारण नव्हते, ते लक्षण होते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलून काय उपयोग?

पेट्रोल जास्त का जात असावे? चोक अर्धवट बंद राहतो का? नाही, इंजिन गरम झाल्यावर तो पूर्ण उघडत होता. इंजिन थंडच राहते का? काही जुन्या गाड्यांमधला थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग इंजिन पुरते तापत नाही आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पण इथे तापमानाचा काटा वेळेवर मधोमध येत होता. फिल्टर तर नवाच होता.

राहिला फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट नावाचा एक पोकळ डबा तरंगत असतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर येतो आणि सुईची झडप बंद करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक करतो, तेच काम. या डब्यात पेट्रोल शिरले, तर तो जड होतो, आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे जास्त बुडतो आणि झडप उशिरा बंद होते. पातळी वाढते आणि इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते.

इंजिन थंड असताना, मोकळ्या अंगणात, मिस्त्रीने फ्लोट काढला. कानाशी हलवला, तर आत डुचमळल्याचा आवाज आला! गरम पाण्यात बुडवताच सांध्यापाशी बारीक बुडबुडे निघाले. आतली वाफ आणि हवा प्रसरण पावून केसाएवढ्या भेगेतून बाहेर पडत होती. मिस्त्रीसुद्धा मुलांबरोबर हसला. नवा फ्लोट बसवून पातळी लावली आणि पुन्हा मोजले : ८.५ लिटर.

हिशेब जुळला

चालू खप १०.८ लिटर. ब्रेकमुळे १.४, फ्लोटमुळे ०.९. उरला ८.५. अपेक्षित होता ८.३. हा ०.२ चा फरक टाकी भरण्याच्या २ टक्के चुकीएवढाच आहे, म्हणून त्याच्यामागे न लागता वर्गाने वही मिटली.

सरांची गाडी महिन्याला सुमारे १००० किलोमीटर चालते. म्हणजे दरमहा २३ लिटर पेट्रोल वाचले. गाडी भंगारात गेली नाही. तिने पुन्हा १३ मात्र दिले नाही. दगडांच्या मापाने ती आज पावणेबारा देते आणि आजच्या पेट्रोलवर तेच तिचे खरे आरोग्य आहे.

मिस्त्री कमी हुशार होता, असे मुळीच नाही. फ्लोट त्यानेच बसवला. चूक एवढीच झाली होती की, मोजमाप न करता वस्तू बदलल्या गेल्या. मुलांनी आधी मोजले, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजले. ब्रेक आणि फ्लोट एकाच दिवशी दुरुस्त केले असते, तर पेट्रोल वाचलेच असते, पण कशाने किती वाचले, हे कधीच कळले नसते.

करून पाहा

१. घरच्या दुचाकीचे किंवा गाडीचे ॲव्हरेज टाकी भरून तीन वेळा काढा. तिन्ही उत्तरांत किती फरक येतो? तो का येतो?

२. सायकलवर घरंगळण्याचा प्रयोग करा. हवा भरपूर असताना आणि थोडी कमी असताना रोधाचे बल किती, ते काढा.

३. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक लावून थांबवली. किती ऊर्जा उष्णतेत गेली? एक लिटर पेट्रोलपासून चाकांना ६ मेगाजूल मिळतात असे धरा. एका थांबण्याची किंमत किती मिलिलिटर पेट्रोल?

मोटारीचे प्रयोग मोठ्या माणसांच्या सोबतीने, रहदारी नसलेल्या रस्त्यावरच करावेत आणि गाडी परवाना असलेल्या व्यक्तीनेच चालवावी. पेट्रोलजवळ काडी किंवा ज्योत कदापि नेऊ नये.